न उघडलेली लाल खिडकी

१

पायाच्या अंगठ्याला झालेल्या जखमेनं कोणी मरत नाही. म्हणून पोहायला शिकवणारी ती बाई दुपारी इंजेक्शन घेतल्यावर बघता बघता काळीनिळी पडली आणि गेली, तेव्हा स्त्रियांच्या वॉर्डात पहिले काही क्षण कोणाला ते खरंच वाटेना. तिचा नवरा खाली तिच्यासाठी मासिक आणायला गेला होता. तो बेकरीवाला. मासिक हातात घेऊन तो वर आला, तर पलंगाभोवती हिरवा पडदा ओढलेला.

इंजेक्शन साधंच होतं, पण बाईला ते चालत नव्हतं. हे तिला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि सकाळी दाखल होताना दोघांनीही ते सांगितलं होतं. मग नोंद कुठे गेली?

दुसऱ्या दिवशी बड्या डॉक्टरांनी आपल्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आणि संगणकाचा पडदा बेकरीवाल्याकडे वळवला. रुग्णालय त्यांच्याच मालकीचं, त्यामुळे तिथे वाद घालायची पद्धत नव्हती. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं : औषधाची ॲलर्जी, नाही. नोंद करणारी, थोरली सिस्टर. खाली कालच्या सकाळची तारीख आणि वेळ, कशी अगदी नीटनेटकी.

बेकरीवाला सिस्टरकडे वळला. "बाई, मी तिच्या शेजारी उभा होतो ना? तिनं तुम्हाला सांगितलं. औषधाचं नावसुद्धा सांगितलं!"

"मी लिहिलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"मग हे काय आहे?"

बडे डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, माणूस विसरतो. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

संध्याकाळच्या आत औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या देऊन थोरल्या सिस्टर घरी आल्या होत्या. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असा हुकूम. घरी म्हणजे दिराच्या घरी. नवरा वारल्यापासून त्या तिथेच राहत. आणि कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, हे वाक्य ज्याला कोणी ऐकवलं तर तो जेवण सोडून उठेल, असा त्या गावात एकच माणूस होता. तो हा दीर.

२

त्याच रुग्णालयाच्या संगणक विभागातून तो निवृत्त झालेला. सगळं जग पुढे गेलं तरी रुग्णांच्या नोंदींची एक प्रत तो चपट्या काळ्या फ्लॉप्यांवर काढून ठेवायचा, म्हणून लोक त्याला फ्लॉपीसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर तो रविवारच्या पुरवणीत एक सदर लिहायचा. लोक ते हसत हसत वाचायचे आणि त्यातलं एक अक्षरही मनावर घ्यायचे नाहीत.

पासवर्डवर त्यानं लिहिलं होतं, की एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा आणि एक चिन्ह मागतात, अजून रक्ताचा थेंब तेवढा मागत नाहीत. दर महिन्याला तो बदलायला लावतात. परिणामी मालकाला तो आठवत नाही आणि बाकी सगळ्या ऑफिसला पाठ असतो, कारण तो कीबोर्डखाली चिकटवलेला असतो. संगणकाच्या सुरक्षेबद्दल त्याचं मत असं, की दाराला सात कुलपं लावायची, किल्ल्या पायपुसण्याखाली ठेवायच्या आणि कुलपांचं उद्घाटन करून फोटो काढायचा. अपडेट म्हणजे चालत्या माणसाचे पाय बदलून त्याला विचारणं, की आता कसं वाटतंय.

घरी मात्र हा विनोद बंद असे. वहिनी दिवाणखान्यात उभ्या राहून गणवेशाला इस्त्री करत होत्या. उद्या तो घालायचा नव्हता, तरी करत होत्या.

"वहिनी, त्या बाईंनी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. औषधाचं नाव अवघड, म्हणून तिनं सुटं सुटं करून सांगितलं. मी विचारून विचारून टाइप केलं."

"वॉर्डातल्या जुन्या मशीनवर?"

"दुसरं आहे कुठे? तुम्हीच बसवलेलं ते. लाथ मारल्याशिवाय सुरू होत नाही."

"आणि ते तुमच्या नावानं केलंत. तुमच्या पासवर्डनं."

वहिनींनी मान वर केली नाही. इस्त्री बाहीवर ठेवलेली तशीच राहिली.

"वहिनी?"

"हो. माझ्याच."

बाहीतून धूर यायला लागला. त्या दचकल्या, इस्त्री उचलली. पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग पडला होता. चाळीसेक वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी गणवेश जाळला नव्हता. फ्लॉपीसाहेबानं इस्त्रीची पिन काढली आणि आत गेला.

वहिनी निर्दोष होत्या, याबद्दल त्याला शंका नव्हती. पण वहिनी आत्ता त्याच्याशी खोटं बोलल्या होत्या.

३

रुग्णालयात शिरायला त्याला कारण शोधावं लागलं नाही. सकाळीच फोन आला. वॉर्डातलं जुनं मशीन भंगारात द्यायचं ठरलं होतं, त्याआधी आतलं सगळं काढून घ्यायचं होतं, आणि ते सुरूच होत नव्हतं.

"सर, तुमच्याशिवाय त्याला कोणी ओळखत नाही," फोनवरचा आवाज म्हणाला.

हा आवाज चेल्याचा. फ्लॉपीसाहेबाच्या हाताखाली शिकला, आता त्याच्या जागेवर सुरक्षाप्रमुख होऊन बसला होता. पण सगळं रुग्णालय त्याला अजून चेलाच म्हणायचं. त्याला ते आवडायचं नाही आणि त्यामुळेच ते टिकलं होतं.

चेल्याची खोली काचेची, थंडगार. भिंतीवर मोठं कुलूप छापलेलं पोस्टर : सुरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी. फ्लॉपीसाहेबाच्या मते प्रत्येकाची म्हणजे कोणाचीच नाही, पण तो गप्प बसला.

"वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं, सर," चेला म्हणाला. "पण त्यांच्या नावानं नोंद आहे. मी तरी काय करू?"

"मला बघू तरी दे."

चेल्यानं त्या दिवसाची तारीख टाकली आणि बाईची पाटी, म्हणजे संगणकातलं तिच्या नोंदींचं पान, उघडली. पडद्यावर एकच ओळ आली. तीच ती.

"बाकीच्या नोंदी कुठे आहेत? ताप, रक्तदाब, वजन?"

"नाहीत ना! त्या दिवशीची एवढीच आहे. बाकी काही भरलंच नाही सिस्टरनी. आता याला निष्काळजीपणा नाही तर काय म्हणायचं?"

फ्लॉपीसाहेब त्या एका ओळीकडे बघत राहिला. वहिनी पेशंटचा ताप घेतल्याशिवाय त्याला गादीवर पाठ टेकू देत नाहीत. त्या ॲलर्जी भरतील आणि ताप भरणार नाहीत?

"तू कधी वॉर्डात जाऊन बघितलंस का रे ते मशीन?"

"मी? वॉर्डात?" चेला हसला. "सर, आता सगळं इथूनच होतं. पाय उचलायची गरज नाही."

फ्लॉपीसाहेबही हसला. पण वॉर्डाकडे जाताना त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता. एका माणसानं एक ओळ भरून बाकीचा कागद कोरा सोडला, की कोणी दुसऱ्यानंच एवढी एक ओळ भरली?

४

वॉर्डाच्या दाराशी मेट्रन उभ्या होत्या. सगळ्या नर्सच्या वरच्या त्या. थोरल्या सिस्टरचं आणि त्यांचं पटत नाही, हे अख्ख्या रुग्णालयाला ठाऊक होतं. मेट्रनच्या पदावर खरा हक्क वहिनींचा होता, असं बरेच जण म्हणायचे, आणि मेट्रननी ते ऐकलेलं होतं.

"आलात? दीर म्हणून वकिली करायला?"

"मशीन उघडायला."

"उघडा. त्याच्यापेक्षा पाटी-पेन्सिल बरी." त्या बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत. त्यांना बोलायचं होतं. "तुमच्या वहिनी मला आवडत नाहीत, फ्लॉपीसाहेब. मान ताठ, कोणाचं ऐकायचं नाही. पण पेशंटनं सांगितलेलं त्या लिहिणार नाहीत? हे मला माझ्या आईनं सांगितलं तरी पटायचं नाही."

"मग लिहिलेलं गेलं कुठे?"

"ते मी काय सांगू! त्या दिवशी सकाळपासून सगळा गोंधळच होता. आल्या आल्या वीज गेली. परत आली, तर तुमच्या वहिनींना मशीन आत घेईना. पासवर्डची मुदत संपली होती म्हणे. घाईत चुकीचा टाइप करत राहिल्या आणि कुलूपच पडलं. मीच फोन केला काचेच्या खोलीत. तिथला कारकून म्हणतो, अर्ज पाठवा, उद्या बघू. संध्याकाळी मी घरी गेले तोपर्यंत उघडलं नव्हतं."

फ्लॉपीसाहेबानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे दिवसभर वहिनींना त्यांच्या नावानं आत जाताच येत नव्हतं?"

"तेच तर सांगतेय."

"हे चौकशीत सांगितलंत?"

मेट्रनचा चेहरा कडवट झाला. "मला विचारलं कोणी? बड्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरला विचारलं." त्या वळल्या, मग थांबून म्हणाल्या, "पूर्वी ते नवं सॉफ्टवेअर सारखी लाल खिडकी दाखवायचं आणि कोकलायचं. डोकं उठायचं. गेले काही आठवडे ते बंद आहे. एवढी शांतता, की बरं वाटायचं बघा."

आणि त्या निघून गेल्या. शांततेबद्दल त्या काय बोलून गेल्या, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

५

जुनं मशीन टेबलाखाली धूळ खात पडलं होतं. फ्लॉपीसाहेबानं झाकण काढलं, आतली मेमरीची पट्टी उपसून तिचे पितळी दात खोडरबरानं घासले आणि पट्टी पुन्हा जागेवर दाबली. मशीन एकदा खोकलं आणि सुरू झालं. लाखाचा पगार घेणारे, भिंतीवर दाखले लावलेले तज्ज्ञ या खोडरबराला हसतात, असं त्यानं एकदा सदरात लिहिलं होतं. आज त्याला ते आठवूनही हसू आलं नाही.

पडद्यावर पहिलीच तक्रार आली : घड्याळ लावलेलं नाही.

आणि खाली तारीख. एक जानेवारी. वर्ष मशीनच्या जन्माचं, म्हणजे ज्या वर्षी चेला शाळेत होता ते.

तो खुर्चीत मागे टेकला. या मशीनच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवायचं, हे त्याचं काम. तो सेल मरून जमाना झाला होता. वीज गेली की मशीन आपल्या जन्मतारखेला परत जायचं आणि कोणी आठवणीनं तारीख लावेपर्यंत तिथेच राहायचं. नवं सॉफ्टवेअर नोंदीवर तारीख टाकायचं ती ज्या मशीनवर बसून टाइप केलं त्या मशीनची. हे चूक आहे, असं त्यानं निवृत्त होताना बजावलं होतं. सेल बदला, असंही म्हणाला होता. तेव्हा त्याला पुष्पगुच्छ देण्यात आला.

त्या सकाळी वीज गेली होती. गोंधळात तारीख कोणी लावली असेल?

त्यानं मृत बाईची पाटी उघडली आणि तारखेची अट न घालता सगळ्या नोंदी मागवल्या. त्या सगळ्या आल्या. ताप, रक्तदाब, वजन, जखमेचं वर्णन. ॲलर्जी सोडली तर एकही रकाना सुटलेला नव्हता. सगळ्यांवर ती जुनी जानेवारी. त्या सकाळी दाखल झालेल्या इतर बायकांच्या पाट्या उघडल्या, तिथेही तेच.

फक्त एका ओळीवर खरी तारीख होती. ॲलर्जी, नाही.

वॉर्डातल्या सगळ्या खऱ्या नोंदींची तारीख खोटी होती आणि एका खोट्या नोंदीची तारीख खरी. ती ओळ या टेबलावर बसून कोणी लिहिलेलीच नव्हती.

मग त्याची नजर दुसऱ्या रकान्यावर गेली. ताप, रक्तदाब, वजन, सगळ्यापुढे नोंद करणाऱ्याचं नाव एकच होतं. ते वहिनींचं नव्हतं. ते लहान डॉक्टरचं होतं. इंजेक्शन लिहून देणाऱ्याचं. बड्या डॉक्टरांच्या सख्ख्या भाच्याचं.

६

लहान डॉक्टर छतावर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेला सापडला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"त्या सकाळी पेशंटला दाखल करून घेताना तू होतास?"

"नाही. मी ऑपरेशनला होतो."

"मग सगळ्या नोंदी तुझ्या नावानं कशा?"

पोरगा टाकीच्या पाइपाकडे बघू लागला. "सिस्टरना कुलूप पडलं होतं. मी जाता जाता माझ्या नावानं उघडून दिलं. म्हटलं, वापरा. सगळेच वापरतात, साहेब. नाहीतर काम होणार कधी? पासवर्ड दुसऱ्याला दिला तर थेट घरी पाठवतात. सिस्टर म्हणाल्या, मी तुझं नाव घेणार नाही. माझी नोकरी संपत आलीय, तुझी सुरू व्हायचीय."

इस्त्रीखाली जळलेल्या बाहीचा अर्थ फ्लॉपीसाहेबाला आत्ता लागला.

"आणि तू त्यांना तसं करू दिलंस."

"हो."

"ती ओळ त्यांच्या नावानं दिसली, तेव्हाच तुला कळलं असेल की ती बनावट आहे."

"कळलं होतं." तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं, असं त्याच्याकडे बघून वाटत होतं. "मला वाटलं, मामानं मला वाचवायला केलं असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं कळलं असतं ना."

"इंजेक्शन लिहिताना ॲलर्जीचा रकाना उघडून बघितलास?"

"तो आतल्या पानावर असतो. तिथे कोणी जात नाही. ॲलर्जी असेल तर लाल खिडकी उघडते, भोंगा वाजतो, इंजेक्शन पुढे जाऊच देत नाही. म्हणून तर हे सॉफ्टवेअर घेतलं." तो थांबला. "साहेब, शपथेवर सांगतो. खिडकी उघडलीच नाही."

फ्लॉपीसाहेबाच्या कानात मेट्रनचे शब्द वाजले. एवढी शांतता, की बरं वाटायचं.

"चल खाली," तो म्हणाला. "आणि आता मान खाली घालू नकोस. तुझ्या मामासमोर हे पुन्हा सांगायचंय."

७

बड्या डॉक्टरांच्या खोलीत मेट्रन, लहान डॉक्टर आणि चेला खुर्च्यांवर बसले. फ्लॉपीसाहेब उभाच राहिला.

"ॲलर्जीची ओळ वहिनींनी लिहिलेली नाही. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या खात्याला कुलूप होतं. मेट्रन साक्षीला आहेत. त्यांनी या डॉक्टरच्या नावानं सगळ्या नोंदी केल्या, ॲलर्जीसकट. वॉर्डातलं घड्याळ बिघडलेलं, म्हणून त्या सगळ्यांवर जुनी तारीख आहे. नंतर कोणीतरी चालू घड्याळाच्या मशीनवर बसून आपलं घड्याळ सकाळवर आणलं, ॲलर्जी पुसली आणि वहिनींच्या नावानं 'नाही' लिहिलं. बाकीच्या नोंदी त्याला दिसल्याच नाहीत, कारण तो त्या दिवसाची तारीख टाकूनच बघत होता. ॲलर्जीचं आतलं पान तेवढं तारखेशिवाय उघडतं."

"माझ्या भाच्यानं केलं असं म्हणायचंय तुम्हाला?" बड्या डॉक्टरांचा आवाज चढला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण त्याला वहिनींचं कुलूप उघडता येत नाही. तुम्हालाही येत नाही. ते काढायची किल्ली या इमारतीत एकाच टेबलावर आहे."

सगळ्यांच्या माना चेल्याकडे वळल्या. चेला गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"मी कशाला करीन, सर? माझा काय संबंध पेशंटशी?"

"पेशंटशी नाहीच. लाल खिडकीशी आहे. ती उघडली नाही, कारण तू बंद करून ठेवली होतीस. बाई गेल्यावर तू पाटी बघितलीस. ॲलर्जी लिहिलेली आणि इशारा नाही, म्हणजे सरळ तुझी मान अडकते. ॲलर्जीच लिहिलेली नसेल, तर इशारा येणार कशाचा? चूक सिस्टरची. कुलूप पडलेलं दिसलं तेव्हाही तू थांबला नाहीस."

"मला वाटलं, दुपारनंतर पडलं असेल कुलूप," चेला म्हणून गेला.

म्हणजे ते कुलूप त्यानं पाहिलं होतं. मग त्याचा बांध फुटला.

"ती खिडकी कशालाही उघडायची, सर! खोकल्याच्या औषधाला, मलमाला, सलाइनला. डॉक्टर न वाचता बंद करायचे आणि मला शिव्या घालायचे. ते दुरुस्त करायला माणसं मागितली, दिली नाहीत. शेवटी यांनी मला इथे उभं केलं," त्यानं बड्या डॉक्टरांकडे बोट केलं, "आणि म्हणाले, ती कटकट बंद कर. मी बंद केली. बाई मेली, तेव्हा मला माहीत होतं, आता यांना काही आठवणार नाही."

बड्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी कटकट बंद कर म्हणालो होतो," ते शांतपणे म्हणाले. "इशारा बंद कर असं म्हणालो नव्हतो."

फ्लॉपीसाहेब चेल्याजवळ गेला. "नोंद कधी पुसायची नाही. चुकली तरी रेघ मारायची, पुसायची नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं ना तुला?"

"शिकवलं होतं, सर." चेल्यानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप होता की राग, ते कळत नव्हतं. "पण तुम्ही पुष्पगुच्छ घेऊन घरी गेलात. पेपरात विनोद लिहीत बसलात. मी इथे राहिलो."

बड्या डॉक्टरांनी घसा साफ केला. प्रकरण इथेच मिटवावं, असं ते म्हणाले. तांत्रिक बिघाड म्हणावं, सिस्टरना मानानं परत बोलवावं, जुनं मशीन आजच भंगारात जाऊ द्यावं. शेवटी दोष त्याच्या घड्याळाचाच, नाही का?

"मामा," लहान डॉक्टर उठून म्हणाला, "मी पोलिसांना सांगणार आहे."

मेट्रनही उठल्या. "मीही," त्या म्हणाल्या.

८

तक्रार झाली. चेल्याला पोलीस घेऊन गेले. बड्या डॉक्टरांनी पत्रकारांना सांगितलं, की एका कर्मचाऱ्यानं संस्थेचा विश्वासघात केला, आणि आता आणखी कडक सुरक्षा येणार आहे, पासवर्ड दर पंधरवड्याला बदलणार आहे. फ्लॉपीसाहेबानं सगळं सदरात लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला, की या वेळचं जरा गंभीर झालंय, वाचकांना तुमचं विनोदी आवडतं. त्यानं सदर बंद केलं.

वहिनींना परत बोलावणं आलं. त्या गेल्या नाहीत. पण बेकरीवाल्याकडे त्यांना जायचं होतं. "कोणी त्याला नीट सांगितलं नसेल," त्या म्हणाल्या.

दुपारची वेळ होती. बेकरीची भट्टी थंड होती आणि बेकरीवाला रिकाम्या ट्रेवरचे चिकटलेले कण सुरीनं खरवडत होता. थोरल्या सिस्टरना बघून त्याचा हात थांबला. पण त्यानं जा म्हटलं नाही. दोन उपडे क्रेट पुढे सरकवले.

फ्लॉपीसाहेबानं सगळं सांगितलं. कुलूप, घड्याळ, लाल खिडकी, कटकट. साध्या शब्दांत, एकही विनोद न करता. बेकरीवाल्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे यांनी लिहिलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"लिहिलं होतं."

तो वहिनींकडे वळला. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो."

"तुमच्या जागी मी असते तर हात उचलला असता," वहिनी म्हणाल्या.

"मला एक माणूस पाहिजे होता हो. रोज सकाळी उठून ज्याला शिव्या देता येतील असा. तुम्ही होतात. आता तुम्ही नाही. तो कॉम्प्युटरवाला पोरगाही अर्धाच दोषी. मोठा डॉक्टर म्हणतो मी नव्हेच. मग मी कोणाला धरू?"

बेकरीवाल्यानं सुरी ट्रेच्या कडेला पुसली.

"तिला तुमच्याकडे यायचंच नव्हतं," तो म्हणाला. "कोपऱ्यावरचा म्हातारा डॉक्टर आहे ना, त्याच्याकडे चल म्हणत होती. तो लहानपणापासून तिला ओळखतो, तिला काय चालतं न चालतं सगळं त्याला तोंडपाठ. मीच हट्ट केला. म्हटलं, त्याचं वय झालंय, तो विसरेल. मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. तिथे सगळं कॉम्प्युटरवर असतं."

वहिनी उठून त्याच्या शेजारच्या क्रेटवर जाऊन बसल्या. बाहेर कोणीतरी गिऱ्हाईक येऊन शटर वाजवत होतं. तिघांपैकी कोणीही उठलं नाही.